दहापैकी एक

डिचोली,
१९ एप्रिल २०२५

चि. गौरवीस,

आशीर्वाद मागाहून, आधी भांडण. तीन दिवस झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. पहिले दोन दिवस मी समजून घेतलं, कोरगावात तुमच्या काजूच्या भाटात, त्या झाडीत रेंज असते कुठे! तिसऱ्या दिवशी गौरेशला विचारलं तर म्हणतो, "ताय, तिणां तुजो नंबर बंद करून ठेवला." सख्ख्या नणंदेचा नंबर बंद! चुडा भरताना माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली होतीस, विसरलीस वाटतं. असो. नंबर बंद करता येतो, पोस्टमन बंद करता येत नाही, म्हणून हे पत्र.

सेजल कशी आहे? पाय टेकते का? जेवते का?

तो रविवार माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. मी कॅज्युअल्टीच्या दारात उभी, आणि गाडीतून उतरतो तो आपलाच गौरेश, हातावर आपलीच सेजल, डाव्या पायाला ओला टॉवेल. दारूच्या भाटीवर काजूचा हुर्राक गाळून झाल्यावर तांब्याचं मोठं भाण रिकामं करताना आतलं उकळतं पाणी मांडीपासून घोट्यापर्यंत. पंधरा वर्षं मी या दारात पोरं उतरवून घेतेय, पण त्या दिवशी माझे हात गार पडले. तुम्हाला कोणाला ते दिसलं नाही हे एक बरं.

पण पोर कसली धीराची आहे गं! सहा वर्षांचं मूल, एवढं भाजलेलं, आणि हूं नाही की चूं नाही. तुला ठाऊकच आहे, मुलांचं दुखणं मोजायचा तक्ता आमच्याकडे मीच आणला. मोठी माणसं तोंडानं सांगतात, मुलांचं अंगावरून वाचावं लागतं. चेहरा कसा आहे, पाय कसे धरलेत, हालचाल, रडणं, समजूत पटते की नाही, अशा पाच गोष्टी बघायच्या. प्रत्येकीला दोन गुण, एकूण दहा. डॉक्टर अक्षयनी विचारलं, "सिस्टर, किती?" मी म्हटलं, "एक." तर ही बया अर्धवट झोपेतून माझ्याकडे बघते आणि एक बोट वर करते! आमच्या स्टाफमध्ये अजून सगळे एकमेकांना ते बोट करून दाखवतात.

शेवटी ड्रेसिंगला थोडी ओरडली, ते चालायचंच. तुला बाहेर बसवलं याचा राग असेल तर सोडून दे. आई समोर असली की मुलं जास्त हट्ट करतात. पुढची ड्रेसिंगं तुमच्या जवळच्या आरोग्य केंद्रात करायला मी लिहून दिलंय, पोरीला एवढा प्रवास नको.

नंबर उघड. आईला सांग, गुडघ्याचं तेल गौरेशबरोबर पाठवलंय. सेजलच्या दोन्ही गालांचे पापे घे, एक माझ्या वाटणीचा आणि एक तुझ्या रुसव्याच्या वाटणीचा.

तुझी,
हर्षाताई


कोरगाव,
२४ एप्रिल २०२५

हर्षाताईंना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. सासूबाई म्हणाल्या मोठ्यानं वाच, मी वाचलं नाही. काजूच्या बिया वाळत घातल्या होत्या, तिथे राखण करत एकटीनं वाचलं.

थोडी ओरडली, असं तुम्ही लिहिलंय. मी दाराबाहेरच्या बाकावर होते. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग एकदम आलं. मी तिला जन्म दिलाय, ताई, तिचे सगळे आवाज मला माहीत आहेत. हा माहीत नव्हता. आत तिला तिघं धरून होती हे मला नंतर तिच्या दंडावरच्या निळ्या बोटांवरून कळलं. त्यांतली दोन बोटं कोणाची ते तुम्हीच सांगा.

त्या बाकासमोरच्या भिंतीवर तुमचाच तक्ता लावलाय, मोठ्या मराठी अक्षरांत. बसल्या बसल्या मी तो तीन वेळा वाचला. त्याची चौथी ओळ अशी आहे: मुलाच्या आईला किंवा वडिलांना जवळ थांबू द्या, त्याने दुखणे कमी होते. आणि तुम्ही लिहिता, आई समोर असली की मुलं हट्ट करतात.

पण मी भांडायला लिहीत नाही. माझं एक काम आहे. तुमच्या इस्पितळाच्या कागदावर तुमच्या अक्षरात लिहिलंय: "वेदना १/१०. ड्रेसिंग औषधाशिवाय सहन करते." तो कागद आता सेजलच्या पुढे पुढे चालतो. दर दिवसाआड आम्ही आरोग्य केंद्रात जातो. तिथल्या सिस्टर राणी चांगल्या आहेत, बेळगावकडच्या, पोरीला "बाय, बाय" म्हणून मायेनं हाक मारतात. मी म्हटलं, आधी काहीतरी दुखण्याचं औषध द्या. त्या कागद बघतात आणि म्हणतात, "वहिनी, वरच्या इस्पितळानं लिहिलंय गरज नाही म्हणून. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात, तेपण हाच कागद बघून सही करतात. मी माझ्या मनानं जड औषध कसं देऊ?" तापाचं सिरप मी घरूनच पाजून नेते. त्यानं काही होत नाही. चिकटलेली पट्टी सोलताना ती माझ्या गळ्यात तोंड खुपसते आणि चावते. माझ्या खांद्यावर चार ठिकाणी दात उठलेत. मी म्हणते, चाव बाय, आणि चाव.

तेवढी ओळ बदलून द्या. एवढंच मागणं आहे. नंबर त्यानंतर उघडेन.

गौरवी


डिचोली,
२८ एप्रिल २०२५

गौरवी,

तुझं पत्र मिळालं. खांद्याला काहीतरी लाव, माणसाचे दात वाईट.

आता नीट ऐक. लिहून झालेला कागद बदलणं म्हणजे पाववाल्या पोदेराकडून शिळी पोळी बदलून घेणं नव्हे. तो केसपेपर आहे. त्यावर वेळ आहे, माझी सही आहे, डॉक्टरांची सही आहे. आता दोन आठवड्यांनी मी जाऊन सांगू की साहेब, एक नव्हतं, आठ होतं? ते पहिलं विचारतील, मग तेव्हा एक का लिहिलं? मी काय सांगायचं? त्या दिवशी मला दिसलं ते मी लिहिलं. चेहरा शांत, शून्य. पाय सैल, शून्य. हालचाल नाही, शून्य. रडणं नाही, शून्य. समजूत, एक, कारण हाक मारली की जरा कुरकुरायची. झालं एक. तुझ्या मनातलं मोजायचा तक्ता माझ्याकडे नाही.

पुढच्या ड्रेसिंगला काय लागेल ते तिथल्या डॉक्टरांनी बघावं. तू त्यांना भेट, जरा आवाज चढव. आपली माणसं सरकारी खुर्चीसमोर उगाच मान खाली घालून बसतात.

आणि एक लक्षात ठेव. त्याच फॉर्मवर एक ओळ असते, "घरी काय दिले?" तिथे मी "काही नाही" लिहिलं. कोणाला न विचारता लिहिलं, घरच्या माणसांवरच्या भरवशानं. असा भरवसा मी दुसऱ्या कोणावर टाकत नाही.

परवा सुट्टी आहे, येऊ का? सेजलला केरीच्या किनाऱ्यावर नेईन म्हणत होते, पण आता पाण्यात पाय कसा घालणार.

हर्षाताई


कोरगाव,
४ मे २०२५

हर्षाताईंना,

येऊ नका. आधी हे वाचा.

भरवशाचं लिहिलंत, म्हणून सांगते. तीन आठवडे हे माझ्या घशात अडकलंय.

त्या रविवारी पाणी सांडलं तेव्हा मी काजूचे बोंडू गोळा करायला वरच्या अंगाला होते. किंकाळी ऐकून धावत आले, तोवर सासूबाईंनी पोरीला मांडीवर घेतलं होतं. हे गाडी काढायला गेले होते. सेजल नुसती तडफडत होती. सासूबाईंनी गेल्या वर्षीची फेणी पेलीत ओतली, अर्धी पेली, साखर घातली आणि तिच्या ओठांना लावली. "वायच पी गो बाय, मगे दुखचा ना." मी बघत होते. मी अडवलं नाही. मला वाटलं काहीही करा पण हिची तडफड थांबवा. पेडण्याला पोचेपर्यंत ती माझ्या मांडीवर गप्प झाली. मला वाटलं, देवच पावला.

गाडीत सासूबाई म्हणाल्या, "हर्षाक सांगां नाका. तिका लाज. तिच्या इस्पितळात तिका लाज." म्हणून मी बोलले नाही. तुम्ही विचारलंही नाहीत. विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं, हे मी देवीसमोर हात ठेवून सांगते.

तर ती धीराची नव्हती, ताई. ती प्यायलेली होती. तुमच्या तक्त्याला जी शांत दिसली ती पोर गुंगीत होती, आणि पाय सोलायला घेतल्यावर गुंगी फाटली. तुमची चूक नाही, तुम्हाला फसवलं ते आम्ही. आता हे डॉक्टरांना सांगा आणि ती ओळ बदला. बोलावलंत तर मी येईन आणि सगळ्यांसमोर सांगेन की गुन्हा माझा, मी आई आहे, मी बघत होते. सासूबाईंचं नावही घेणार नाही.

काल नववं ड्रेसिंग झालं. घोट्याकडे पू आलाय, तिथे जास्त खरवडावं लागतं. ती आता पांढरा रंग बघितला तरी लपायला बघते. शाळेच्या बाई भेटायला आल्या होत्या, पांढऱ्या साडीत. ती पलंगाखाली गेली.

गौरवी


डिचोली,
९ मे २०२५

गौरवी,

अर्धी पेली! अठरा किलोच्या पोरीला! वाचताना माझ्या अंगावर काटा आला. माझ्या आईला मी काय बोलणार, ती तिच्या काळातली. पण तू बारावी शिकलेली. आणि हे लपवलंत माझ्यापासून? मी तिथे उभी असताना? मला मूर्ख बनवून माझ्याकडून तो एक लिहून घेतलात आणि वर तीन आठवडे माझाच फोन बंद!

आता शांतपणे विचार कर. हे कागदावर आलं तर काय होईल? लहान मुलीला दारू पाजली, असं लिहिलं जाईल. औषध म्हणून, घरगुती म्हणून, हे कोणी लिहीत नाही. सरकारच्या बालकल्याण समितीची माणसं घरी येतील. आईला सत्तराव्या वर्षी जबाब द्यावा लागेल. गौरेशचं भाटीचं लायसन आहे, तिथे मूल भाजलं कसं इथपासून सुरुवात होईल. तुमचं हंगामाचं सगळं त्या एका भाणावर आहे, हे मी तुला सांगायला नको. आणि सेजल? शाळेत तिला काय म्हणतील?

जखम आज ना उद्या भरेल. दुखणं मूल विसरतं, नाव विसरलं जात नाही. सुन्न करणारं मलम गौरेशबरोबर पाठवतेय, जखमेच्या कडेला लाव, आत नको. ती ओळ आहे तशी राहू दे, आणि तोंड बंद ठेव. तुझ्याच घरासाठी सांगतेय.

हर्षा


कोरगाव,
१७ मे २०२५

हर्षाताई,

बुधवारी आम्ही केंद्रात बसलो होतो. एका बाईनं आपला मुलगा आणला, चार वर्षांचा, घरात बाटलीत भरून ठेवलेला हुर्राक पाणी समजून प्यायला होता. सिस्टर राणीनं पहिलं काय केलं? त्याच्या बोटाला सुई टोचून साखर बघितली. मी विचारलं, साखर कशाला? त्या म्हणाल्या, "दारू पोटात गेली की लहान मुलांची साखर उतरते वहिनी, पहिलं तेच बघायचं असतं."

मी तिथे बाकावर बसूनच राहिले. सेजलचा नंबर आला, तो सिस्टर राणीला दोनदा पुकारावा लागला.

त्या रविवारी, डॉक्टर यायच्या आधी, तुम्ही सेजलच्या बोटाला सुई टोचली होती. मी विचारलं होतं, पाय भाजलाय, बोट कशाला? तुम्ही म्हणालात, "रुटीन." मग चमच्या चमच्यानं तिला ग्लुकोजचं पाणी पाजलंत. मला वाटलं, आत्या आहे, माया करतेय. पुढे तीन दिवस तिथे होतो. दुसऱ्या दोन भाजलेल्या मुलांची साखर कोणी बघितली नाही. आणि बुधवारी घरी येऊन कागद पुन्हा पुन्हा बघितला, त्यावर साखरेचा आकडा कुठेही नाही.

तुला माहीत होतं.

मी फेणीचं लिहिलं तेव्हा तुझ्या अंगावर काटा आला म्हणे. कुठून आला तो काटा, तीन आठवडे कुठे होता? मला देवीसमोर हात ठेवायला लावलास. गुन्हा माझा म्हणून लिहायला लावलंस. मी रडत लिहिलं ते पत्र, बाई, आणि तू ते वाचून माझ्या बारावीची चौकशी केलीस.

आजपर्यंत तुम्हाला मी अहो-जाहो केलं. आज मधेच सुटलं, आता पुन्हा लावणार नाही.

एकच सांग. माहीत होतं, तर एक का?

गौरवी


डिचोली,
२ जून २०२५

गौरवी,

सोळा दिवस लागले. चार वेळा लिहिलं आणि फाडलं. नवा कागद या पाकिटात आहे. तो आधी काढून बाजूला ठेव, सेजलच्या फाइलमध्ये लाव, मग हे वाच. वाचलं नाहीस तरी चालेल.

वास मला गाडीच्या दारातच आला. गौरेशच्या शर्टाला होता, तुझ्या साडीला होता, हंगामात तुमच्या घरात कोणाला नसतो! दुसरी कोणी सिस्टर असती तर तिला वाटलं असतं, कपड्यांचा. मी सेजलला घेताना तिनं माझ्या मानेवर तोंड ठेवलं. तिच्या श्वासाला होता, आणि साखरेसकट होता. तो साखरेचा वास मला ओळखू येतो.

मी सात वर्षांची असताना बोंडू काढताना झाडावरून पडले. मनगट मोडलं. आईनं तीच पेली, तीच साखर, तेच शब्द. पुढे मला पेडण्याला नेलं आणि हाड ओढून बसवलं. सगळी म्हणाली, काय धीराचं पोर, रडलं नाही. गौरवी, दुखणं गेलं नव्हतं, आवाज गेला होता. मी आतून ओरडत होते आणि जीभ हलत नव्हती. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. त्या तक्त्यासाठी मी तीन वर्षं साहेबांच्या मागे लागले ते कशासाठी, असं सगळे विचारायचे. आणि तो तक्ता पहिल्यांदा मी खोटा भरला तो कोणासाठी, तर त्याच पेलीसाठी.

एक का, असं तू विचारलंस. आठ लिहिलं असतं तर डॉक्टर जड इंजेक्शन सांगणार. फेणीवर ते पडलं तर मुलाचा श्वास मंदावू शकतो. ते अडवायचं तर कारण सांगायला हवं. कारण सांगायचं नव्हतं. एक लिहिलं की कोणी काही विचारत नाही. मी तिचा जीव सांभाळला, असं मी स्वतःला रोज सांगत आले. तुला बाहेर काढलं, कारण तुला खोटं बोलता येत नाही.

सव्वीस तारखेला मी डॉक्टर अक्षयना सगळं सांगितलं. पोरगेला माणूस, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. ओरडेल म्हणून मी तयारीनं गेले होते. तो खुर्चीत मागे टेकून बसला आणि म्हणाला, "सिस्टर, आपण थांबलो असतो. ओल्या कापडात गुंडाळून तिला नजरेखाली ठेवली असती, हलकं औषध दिलं असतं, आईला उशाशी बसवलं असतं, संध्याकाळी ड्रेसिंग केलं असतं. घाई कोणाला होती?" घाई मला होती. वास जायच्या आत ड्रेसिंग उरकून तिला वॉर्डात पाठवायचं होतं.

मला मेमो मिळालाय. चौकशी होईल. मुलांच्या दुखण्याचं नव्या मुलींना शिकवायचं काम माझ्याकडून काढून घेतलं, तक्ता भिंतीवर आहे. समितीची माणसं तुमच्याकडे येतील, त्यांना खरं सांगा. आईला मी फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "तुका पण दिल्लली मगे. तू मेलंस काय?" मी म्हटलं, "नाय." तिनं फोन ठेवला.

क्षमा मागायचा मला हक्क नाही, पण मागते. मला लाज वाटते, गौरवी. सेजलला बघावंसं वाटतं, आणि तिच्यासमोर यायची भीतीही वाटते.

हर्षा


कोरगाव,
९ जून २०२५

हर्षा,

कागद मिळाला. "भाजल्यानंतर घरी फेणी दिली होती. आधीची नोंद चुकीची. ड्रेसिंगपूर्वी वेदनाशामक आवश्यक." खाली डॉक्टरांची सही, आणि तुझी.

शुक्रवारी समितीच्या दोन बायका आल्या. भाटी बघितली, भाण बघितलं, पेलीसुद्धा मागून बघितली. सासूबाईंनी पेली पदरानं पुसून दिली. मी सगळं सांगितलं. सासूबाई तेव्हापासून माझ्या हातचं खात नाहीत, वेगळी चूल मांडून पेज करतात. यांनी चार दिवस माझ्याशी बोलणं टाकलंय. म्हणतात, ताय आणि तू मिळून घर उघड्यावर काढलात. तुझं आणि माझं नाव एका वाक्यात घेतात, याचंच मला जास्त लागतं.

पण हे सांगायला लिहीत नाही.

शनिवारी नवा कागद घेऊन केंद्रात गेलो. सिस्टर राणीनं तो दोनदा वाचला. मग माझ्याकडे न बघता कपाटातून बाटली काढली आणि म्हणाल्या, आता अर्धा तास आधी देते, आणि किती फरक पडतो ते मोजते. औषध दिलं. अर्ध्या तासानं पट्टी सोडवायला घेतली. घोट्याजवळची अजून चिकटते. सेजलनं माझा पदर तोंडात धरला होता, डोळ्यांतून नुसतं पाणी. राणी थांबल्या. म्हणाल्या, "बाय, मला सांग बघू, शून्य ते दहा, किती दुखतंय? दहा म्हणजे खूप."

तिनं एक बोट वर केलं.

मी म्हटलं, "बाय, खरां सांग. कोण रागाचो ना." तिनं पदर तोंडातून काढला आणि म्हणाली, "एक. आतेन सांगलां एक." आणि पुन्हा तोंडात घातला.

अजून औषध द्यायचं की नाही, ते राणींना समजेना. चेहऱ्यावरून आठ वाटतं म्हणाल्या, पण पोर सांगते एक. मग त्यांनी अंदाजानं थोडं वाढवलं. आज पुन्हा गेलो. आज पट्टीला हात लावायच्या आधीच तिनं बोट वर करून ठेवलं होतं, पाहुण्यांना शहाणपण दाखवतात तसं. घरीही तेच. बाहुलीच्या पायाला चिंधी बांधते आणि बाहुलीचं बोट वर करायला बघते, ते प्लास्टिकचं, होत नाही, मग रडते. दहा आकडे तिला येतात. शाळेत शंभरपर्यंत येत होते.

तुझ्या स्टाफमध्ये अजून ते बोट करून हसतात का?

तू येऊ नकोस, असं लिहायला मी बसले होते. तुला बघितलं तर माझ्या हातून काय होईल सांगता येत नाही. पण मी, सिस्टर राणी, डॉक्टर, सगळ्यांनी सांगून बघितलं, ती ऐकत नाही. कागद तू बदलून आणलास, तो आकडा तिच्या बोटातून कोणाला काढता येत नाही. तिला वाटतं आत्याला बरोबर माहीत असतं. तुझ्यावर तिचा अजून भरवसा आहे, हर्षा. घरात तेवढा एकच उरलाय.

शुक्रवारी सकाळी दहाला ड्रेसिंग आहे. ये. पांढरं नेसू नकोस, खाऊ आणू नकोस, माझ्याशी बोलायला येऊ नकोस. तिच्यासमोर बस, ते बोट तुझ्या हातानं खाली कर, आणि तिला सांग की तू खोटं बोललीस.

मी आतच बसणार आहे.

गौरवी